भरल्या पोटानं

याडी,

तुझा आवाज आता मला सहज आठवत नाही. आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं, मग त्याच्या मागून आवाज येतो. आणि वाक्य दरवेळी तेच येतं: 'माझा पोरगा भरल्या पोटानं गेला.' तांड्यात कुणाचं लेकरू गेलं की तू त्या बाईजवळ जाऊन बसायचीस, तिला रडू द्यायचीस आणि बऱ्याच वेळानं हे म्हणायचीस. होळीला बाया जमल्या, जुन्या गोष्टी निघाल्या, की तेव्हाही म्हणायचीस. तू स्वतः रडत नव्हतीस. हातातलं काम चालूच असायचं, ज्वारी निवडत असशील तर ज्वारी, गोधडी शिवत असशील तर गोधडी. ऐकणाऱ्या बाया मान हलवायच्या. उपाशी गेलेली लेकरं तांड्यात बहुतेक घरांत होती. खाऊन गेलेलं एक तुझंच, माझा धाकटा भाऊ. त्या वाक्याबद्दल मला तुला काही सांगायचं होतं. तू होतीस तोवर सांगितलं नाही. या भादव्यात ते मी एका परक्या बाईला सांगून बसले, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहिलं आहे असं सारखं वाटतं.

माझ्या दवाखान्यात तू एकदाच आली होतीस, डोळे दाखवायला. तेव्हा मी बाळंतपणाच्या खोलीत होते. नंतर मला कुपोषित लेकरांच्या वॉर्डात टाकलं, ते मी तुला नीट कधी सांगितलं नाही. 'लहान मुलांकडं असते,' एवढंच म्हणायची. झरीकडच्या कोलामांच्या वस्त्यांवरून, पोडांवरून, तांड्यांवरून अंगणवाडीच्या बाया लेकरं पाठवतात. एसटीनं येतात, कधी कुणाच्या मोटरसायकलवर आई मागे बसून, मध्ये लेकरू. वॉर्डाच्या भिंतीवर आंबे रंगवलेत, डाळिंबं रंगवलीत, एक हसरं गाजरही आहे. आया त्या भिंतीकडे पाठ करून बसतात. लेकराचा दंड मोजायची एक पट्टी असते, तिच्यावर लाल, पिवळा आणि हिरवा रंग. लाल रंगावर थांबणारा दंड माझ्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या कड्यात मावतो. बाहेरचं कुणी पाहुणं आलं की म्हणतं, किती शहाणी लेकरं आहेत, एकही रडत नाही. रडायला ताकद लागते. आमच्याकडे एखादं पोर पहिल्यांदा भोकाड पसरतं ना, तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघतो. पोर वाचणार, असं त्यातून कळतं. सुरुवातीला मी घरी जाऊन रडायची. मग ते थांबलं. मी थांबवलं नाही, आपोआप थांबलं, केव्हा ते लक्षातही आलं नाही. आता लेकरू बरं होऊन गेलं तरी मी चादर बदलते आणि नाही झालं तरी चादरच बदलते.

तो ऊसतोडीचा हंगाम मला अजून नीट दिसतो. मी आठ-नऊ वर्षांची असेन, भाऊ नुकता चालायला लागून परत बसायला लागलेला. लांब कुठल्याशा कारखान्याच्या रानात आपली कोपी आहे, बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री आणि पाचट. तू आणि बापू उजाडायच्या आत कोयते घेऊन फडात जाता आणि कोपीत मी नि तो उरतो. तू भाकरी थापून ठेवलेल्या असतात, वर मिरचीचा ठेचा. ठेचा त्याला चालत नाही, म्हणून मी भाकर पाण्यात कुस्करते. पाणी कालव्याच्या चारीचं. त्याला जुलाब लागतात, थांबतात, परत लागतात. तुझं दूध आटून गेलेलं. दुपारी तू फडातून पळत येतेस, तरी त्याला छातीशी धरून बघतेस, काही येत नाही, तो तोंड बाजूला करतो आणि तू तशीच परत पळतेस. बापूनं एकदा त्याला गावातल्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोचून आणली. दोन दिवस बरा होता.

हंगाम सरत आला तसा तो सुजायला लागला. आपल्याला ती सूज आहे हे कळलंच नाही. पाय भरले, गाल भरले, पापण्या जड झाल्या. बाजूच्या कोपीतली बाई म्हणाली, "पोरगं बाळसं धरून राह्यलं वं!" तुला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी तू त्याच्या गालाला काजळाचा ठिपका लावलास, नजर लागू नये म्हणून. त्याच्या पावलावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मी तो खेळ करायची. एक खळगा, बाजूला दुसरा, आणि आधी कुठला भरून येतो ते बघत बसायचं. तो पाय ओढून घेत नसे आणि हसतही नसे. आज माझं काम तेच आहे, याडी. आलेल्या प्रत्येक लेकराच्या पावलावर मी अंगठा दाबते आणि खळगा राहतो का ते बघते.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि आपण घरी निघालो. ट्रकमधून ढाणकीच्या अलीकडे उतरून तांड्यापर्यंत चालत गेलो, तो तुझ्या खांद्यावर. घरात शिरल्या शिरल्या तू चूल सारवलीस. चूल ओली असतानाच पेटवलीस, म्हणून घरभर धूर झाला. काकीकडे म्हैस व्यालेली होती. तिनं दूध दिलं, तूप दिलं. तू जाड गव्हाच्या बाट्या भाजल्यास, उखळात कुटल्यास, त्यात गूळ चुरलास आणि काकीनं दिलेलं तूप सगळंच्या सगळं ओतलंस. त्याला मांडीवर घेऊन तू एक घास त्याच्या ओठाला लावलास. इतके दिवस तोंड फिरवणाऱ्यानं तोंड उघडलं. तू ओरडलीस, "छोरी, बापूले बोलाव! पाह्य ना, खाऊन राह्यला!" बापू आला, काकी आली, शेजारच्या बाया दारात उभ्या राहिल्या. तू घास करत होतीस आणि तो खात होता. तू हसत होतीस. मला तुझं तसं हसू पुढे कधी पाहिल्याचं आठवत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, सकाळी दूध, मग चुरमा, मग गुळाचं पाणी. संध्याकाळकडे त्याची छाती जोरात वरखाली व्हायला लागली. तू म्हणालीस, पोट भरलंय, म्हणून धापा टाकतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तुझ्या मांडीवरच गेला. त्याच्या ओठांच्या कडेला गूळ वाळलेला होता. तो तू पदराच्या टोकाला थुंकी लावून पुसलास, आणि मग पदर तसाच धरून बसून राहिलीस.

पुढच्या हंगामाला तू मला नेलं नाहीस. बापू म्हणत होता, पोरगी कोपी सांभाळेल, स्वयंपाकाला हात लागेल. तू म्हणालीस, "सांभाळायले कोण राह्यलं आता?" आणि मला आश्रमशाळेत टाकून आलीस. फाटकाजवळ तू मला एक नवी केशरी ओढणी दिलीस, बाजारातून आणलेली, आणि कडेला तू स्वतः आरसे टाकलेले. शाळेत ओढणी चालत नव्हती. मी ती उशीच्या खोळीत घालून झोपायची, आरसे गालाला टोचायचे. तिथं दोन वेळा जेवण मिळायचं. वरण पातळ असायचं, पण मिळायचं. मी शिकले, नर्स झाले. तांड्यातली पहिली सिस्टर म्हणून तू सगळ्यांना सांगत फिरलीस.

मग वॉर्ड सुरू व्हायच्या आधी आम्हाला यवतमाळला प्रशिक्षणाला बोलावलं. एक डॉक्टर मॅडम शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, खूप दिवस उपाशी राहिलेलं मूल आलं की आपल्याला वाटतं, याला आधी भरपूर खाऊ घालावं. तसं करायचं नाही. त्याचं काळीज इतकं अशक्त झालेलं असतं, की एकदम आलेलं अन्न त्याला झेपत नाही. सूज असेल तर जास्तच जपायचं. पहिले काही दिवस पातळ दूध, थोडं थोडं, मोजून. नाहीतर मूल खातं, आईला वाटतं सुधारलं, आणि दोन-तीन दिवसांत धाप लागून दगावतं. मॅडम पुढे बोलत राहिल्या. मी माझ्या वहीत 'थोडं थोडं' लिहिलं होतं, त्याखाली रेघ मारली, आणि आणखी एक रेघ मारली. मग जेवणाची सुट्टी झाली. मसालेभात होता, कढी होती. मी रांगेत उभी राहिले आणि जेवले. बाजूची म्हणाली, कढी छान झालीय. मी म्हटलं, हो.

त्या दिवाळीला मी तांड्यावर आले तेव्हा तुला सांगायचं ठरवून आले होते की नव्हते, आता सांगता येत नाही. शेजारणीची नातसून तिचं किडमिडं पोर घेऊन आली होती. तापातून उठलेलं. तू त्याला मांडीवर घेऊन दिवाळीचं काहीबाही भरवत होतीस, तेच तुझे मोठे घास. माझ्या तोंडून निघून गेलं, "याडी, एवढं नको. थोडं थोडं दे." तू माझ्याकडे पाहिलंस. "शिकली म्हणून लेकराच्या तोंडातला घास मोजतं काय आता?" असं म्हणालीस. त्या बाईसमोर म्हणालीस. वर म्हणालीस, "माझा तरी भरल्या पोटानं गेला. एवढंच त्याच्यासाठी माझ्या हातानं झालं." मी उठून घरात गेले आणि ती नातसून जायला निघाली तेव्हा तिला बाजूला घेऊन काय ते समजावलं. तुला काही बोलले नाही. तुझ्याजवळ त्याचं दुसरं काही नव्हतं. फोटो नव्हता, अंगडं जाळलं होतं. ते एक वाक्य होतं. तो परत येणार असता तर मी ते तुझ्याकडून काढून घेतलं असतं.

शेवटच्या आजारात तू काही खात नव्हतीस. मी चमच्यानं पेज पाजायला बघायची आणि तू ओठ मिटून घ्यायचीस. एकदा डोळे न उघडताच म्हणालीस, "मी रिकामी चालली. तो भरलेला होता, त्याले वळखू येईन का मी?" मी म्हटलं, येशील. तू गेलीस तेव्हाही मला रडू आलं नाही. बाया म्हणाल्या, नर्स आहे, सवय आहे.

आता या भादव्यातलं. कोलामांच्या एका पोडावरून एक बाई आली, विशीची असेल, तिची पोरगी दीड वर्षाची. पाय सुजलेले, केस तांबूस, डोळे उघडे पण कशाकडेच नाहीत. आम्ही तिला नेहमीसारखं पातळ दूध सुरू केलं. बाजाराच्या दिवशी दुपारी नवरा येऊन गेला. मी वॉर्डात आले तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली, पदराखाली पोरगी. पुढे जाऊन पाहिलं तर हातात जिलबी आणि पोरीच्या तोंडाभोवती पाक. मी तिच्या हातातून जिलबी ओढून घेतली.

"काय करून राह्यली?"

"खाते ना सिस्टर. पाहा ना, खाऊन राह्यली. तुमचं ते पानचट दूध, त्यानं काय होते?"

"तुले सांगतलं होतं ना, आम्ही देऊ तेवढंच."

"भुकेल्या लेकराच्या तोंडातलं कायले काढता?"

मी तिच्या खाटेवर बसले आणि सांगितलं, जसं सगळ्यांना सांगते. उपाशी राहून काळीज कमजोर होते. एकदम लय घातलं तर झेपत नाही. लेकरू खाते, आपल्याले बरं वाटते, अन् दोन-तीन दिवसांत धाप लागते. हे मी इतक्या वेळा बोलले आहे, की बोलताना माझं लक्ष दुसरीकडे असतं. बाया हो म्हणतात. ती हो म्हणाली नाही.

"धाप लागते?" तिनं विचारलं.

"हो."

बराच वेळ ती पोरीच्या तोंडावरचा पाक पुसत राहिली. मग म्हणाली, "माह्या मोठ्याले धाप लागलती. मागच्या साली. मी मायकडं घेऊन गेलती त्याले. मायनं कोंबडी कापलती. त्यानं खाल्लं, लय खाल्लं." तिनं पोरीचं तोंड परत पुसलं. "मंग त्याले म्याच मारलं काय सिस्टर?"

"नाही. त्याले दुसरं काही झालं असंन."

"तुम्ही कुठं पाह्यलं त्याले?"

खरंच होतं. मी त्याला पाहिलं नव्हतं. काय झालं असेल ते मला सांगता येत नव्हतं, आणि तुझ्या पोराचं तरी मला पक्कं कुठं सांगता येतं? खायला घातलं नसतं तरी तो कदाचित गेलाच असता. त्या सुजेत लेकरं तशीही जातात. पण तिच्यासमोर बसून मला एवढंच आठवलं, तू घास करतेस आणि तो तोंड उघडतो. मी तिला ते सगळं सांगितलं. कोपी, पाय, चुरमा, सगळं. आवाज चढला नाही, उतरला नाही. बाजूच्या खाटांवरच्या बाया ऐकत होत्या. आजपर्यंत मी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बापूलाही नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तुमच्या मायले ठाऊक होतं?"

"नाही."

"तुम्हाले ठाऊक झाल्यावर सांगतलं नाही तिले?"

"नाही."

"मंग मले काहून सांगतलं?"

मी तिच्या पोरीकडे बोट केलं. "ही हाय म्हणून."

ती रडली नाही. पोरीला तिनं मांडीवर आडवं घेतलं आणि पदर ओढून घेतला, दोघींवरही.

दुसऱ्या दिवसापासून ती वाटीत दूध घ्यायची, वाटीवरच्या मापाच्या रेघेवर डोळा ठेवून, आणि चमच्याचं टोक पोरीच्या ओठाला लावून वाट बघत बसायची. एक थेंब सांडू द्यायची नाही, एक थेंब जास्त द्यायची नाही. माझ्याशी बोलायची नाही. दुसऱ्या सिस्टरशी बोलायची, झाडूवालीशीही बोलायची. मी जवळ गेले की पोरीचा पाय पुढे करायची, बघा म्हणून, आणि स्वतः दुसरीकडे बघायची. सूज उतरली. सूज उतरल्यावर पोरगी आणखीच बारीक दिसायला लागली, ते बघून तिची आई घाबरली असणार, पण तिनं मला विचारलं नाही. एका सकाळी पोरीनं चमच्याला हात मारला, दूध सांडलं, आणि ती रागानं रडायला लागली. अख्खा वॉर्ड तिच्याकडे बघायला लागला. दुसरी सिस्टर हसली. मी फडकं आणून दूध पुसलं.

त्या घरी गेल्या. पुढच्या तपासणीला तिचा नवरा पोरीला आत घेऊन आला, वजनाला. वजन वाढलं होतं. दंडाची पट्टी पिवळ्यावर आली होती. मी म्हटलं, आई कुठं आहे? तो म्हणाला, "बाहेर हाय. आत येत नाही म्हणते." खिडकीतून ती दिसत होती, रुग्णवाहिकेच्या सावलीत उकिडवी बसलेली, आमच्याकडे पाठ करून. मी बाहेर गेले नाही. नवऱ्याला सांगितलं, सोयाबीन काढायला जाल तेव्हा पोरीला घरी उपाशी ठेवू नका, अंगणवाडीत पाठवा. तो हो म्हणाला. पोरगी त्याच्या खिशातलं पेन ओढत होती. मी केलं ते बरोबर केलं की नाही, हे मला कळत नाही. वाईटही वाटत नाही आणि बरंही वाटत नाही. पोरगी जिवंत आहे. तिच्या आईला मात्र म्हणायला तुझ्यासारखं एक वाक्य उरलेलं नाही.

हे सगळं मी मराठीत लिहिलं, तुझं बोलणंही. आपल्या बोलीत ते कसं सांगायचं मला माहीत नाही. काल दुपारी, वॉर्डात सगळे जेवत असताना, मागे पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून म्हणून पाहिलं. याडी, म्हटलं. त्याचं नाव घेतलं. तिथंच थांबले. टाकी भरून वाहत होती, तिचा कॉक बंद केला आणि आत आले. हा कागद मी कुठं टाकणार नाही, जाळणार नाही, नदीत सोडणार नाही. ड्रेसच्या खिशात आहे, कधीतरी धुण्यात जाईल. एक सांगते. तुला वाचता येत नव्हतं, हे लिहिताना माझ्या सारखं मनात होतं. येत असतं तर मी लिहिलं नसतं.